झाकणाआडचा डावा दिवा

थांबा, आधी मला वर येऊ द्या. मिटलेल्या झाकणाखालून बोललं तर कुणाला काही ऐकू जात नाही.

हं, आता बोलतो. बुलढाण्यातल्या एका लाल, बसक्या, दोन दारांच्या जपानी गाडीचा मी डावा दिवा. इतर गाड्यांचे दिवे दिवसरात्र डोळे वटारून बसलेले असतात. आमचं तसं नाही. काम नसलं की आम्ही बॉनेटच्या पत्र्यात गुडूप होतो. गाडीला दिवे आहेत की नाहीत, असा पाहणाऱ्याला संशय यावा. बटण दाबलं की आम्ही दोघं भाऊ झाकणासकट उठून बसतो. माझा भाऊ म्हणजे उजवा. तो ड्रायव्हरच्या बाजूचा, म्हणून स्वतःला थोरला समजतो. आम्ही एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालो, पण त्याची समजूत कोण काढणार!

आमचा जन्म ऐंशीच्या दशकाच्या अखेरीचा. गाडीचं नाक जितकं खाली, तितकी ती वाऱ्याला चुकवून पळणार, असं तेव्हा गाडी बनवणाऱ्यांना वाटे. पण कायदा म्हणे, दिवा जमिनीपासून अमुक उंचीवर हवाच. नाक खाली आणि दिवा वर, हे जमायचं कसं? कुणा डोकेबाज माणसाला सुचलं, की दिवा झोपवून ठेवावा आणि लागेल तेव्हा उठवावा. त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही, पण त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करत आलोय.

काम तसं साधं आहे. एक छोटी मोटर, तिच्या आसाला एक तरफ, तरफेला एक दांडी आणि दांडीच्या टोकाला मी. मोटर अर्धा फेरा फिरली की मी वर, उरलेला अर्धा फिरली की मी खाली. पुढे नियम बदलले. अशा उठलेल्या दिव्याचा मार रस्त्यानं चालणाऱ्याला जास्त लागेल, असं ठरलं आणि आमची जातच बंद पडली. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. आता मोजकेच उरलो आहोत, हे सांगताना मात्र मान जरा ताठ होते.

आमचे मालक सौमित्र सर. ते आफ्रिकेत, दारेसलामला गणित शिकवायला होते. तिथल्या बंदरावर जुन्या जपानी गाड्या ओळीनं उतरायच्या, त्यातून त्यांनी आम्हाला निवडलं. घरी आणल्यावर त्यांची बायको शरयूताई गाडीभोवती एक चक्कर मारून आल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, ह्या गाडीले दिवेच नाहीत. अंधारात मी काय कंदील धरून पुढे पळू?" सरांनी गंभीर चेहऱ्यानं बटण दाबलं. आम्ही उठलो. शरयूताई दचकून मागे सरकल्या आणि मग इतक्या हसल्या की शेजारचे बाहेर आले. माणसाला हसवून आपली ओळख व्हावी, याहून चांगलं दिव्याला काय हवं?

नोकरी संपवून सर गावी परतले तेव्हा आम्हालाही बोटीनं घेऊन आले. बुलढाण्यात आमचं नाव पडलं बेडकी. चौकात गाडी थांबली की लोक म्हणत, "सर, एक डाव उघडा न!" सर उघडत. जळगाव जामोदच्या रस्त्यावर एकदा समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, खाली उतरला, आमची उघडझाप डोळे भरून पाहिली आणि परत जाऊन बसला. बसमधल्या कुणीही तक्रार केली नाही, कारण तेही खिडकीतून वाकून बघतच होते.

सरांच्या शिस्तीबद्दल काय सांगू? दर दिवाळीच्या सुट्टीत ते आमची झाकणं उघडत, जुनं ग्रीस पुसून नवं भरत, जुन्या धोतराच्या तुकड्यानं काच लख्ख करत. एक नियम त्यांनी पाठ करून ठेवला होता आणि मोठ्यानं म्हणतही असत, "आधी फ्यूज काढायचा, मग हात घालायचा." कारण मोटर मध्येच फिरली तर बोट सापडतं. त्यांच्या डाव्या हाताचं एक नख वाकडं आहे ते त्यामुळेच. त्यात माझा काही दोष नाही, त्या दिवशी त्यांनाच घाई होती.

मोटरीच्या डोक्यावर एक रबरी टोपी असते आणि टोपीखाली एक गोल मूठ. वायर तुटो, मोटर जळो, ती मूठ हातानं फिरवली की आम्ही वर येतोच. आमच्या बनवणाऱ्यानं एवढा विचार केला होता. पण ती मूठ सरांशिवाय कुणी फिरवलेली नव्हती. त्यांची मुलगी गार्गी कोर्टात क्लार्क आहे. गाडी चालवायला ती याच गाडीवर शिकली, तरी तिला सांगणं एकच असे, "दिवे लावायच्या आत घरी ये." आमच्यावरचा सरांचा जीव मला समजायचा. गार्गीचं फुरंगटणंही समजायचं.

मग सरांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपातला चहा हलला, मग खिशातल्या किल्लीचा आवाज येऊ लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण त्या वर्षी दिवाळीत आमची झाकणं उघडली गेली नाहीत. पुढच्या वर्षीही नाहीत. सर गाडीच्या पुढ्यात येत, उभे राहत आणि परत जात. मला समोरचंच दिसतं, मागचं फक्त ऐकू येतं. ते पाठमोरे जाताना मला नीट दिसत.

आता यंदाच्या दसऱ्याचं सांगतो. घरोघरी गाड्या धुतात, पूजतात, झेंडूच्या माळा घालतात. आमच्या घरची रीत जरा वेगळी. आधी सर बटण दाबून आम्हाला उघडायचे, मग शरयूताई ओवाळायच्या. "मिटल्या डोळ्याले कोण ओवाळते?" असं त्यांचं म्हणणं. माळ त्यानंतर. पण ग्रीस सुकल्यामुळे आम्ही अडखळत उठत होतो, म्हणून सर म्हणाले, "यंदा राहू दे, उघडायचे नाहीत." शरयूताईंनी मिटल्या झाकणांवरूनच माळ आडवी बांधली. मागच्या वर्षीची माळ वाऱ्यानं उडाली होती, म्हणून या वेळी चांगली नायलॉनच्या दोरीत ओवून, दोन्हीकडे गाठी मारून. सर आत बसून स्टिअरिंगपाशी आपट्याचं पान ठेवत होते. हात थरथरला आणि बटणावर पडला.

मोटर फिरली. उजव्याकडची गाठ सुटली, तो उठला. माझ्याकडची सुटली नाही. नायलॉन ते, तुटतंय थोडंच! मी सगळा जोर लावला. खाली कडकन आवाज झाला, दांडी वाकली, तिच्या टोकाचा बुश, म्हणजे सांध्यातली छोटी नळी, चेपला आणि मी अर्धाच उघडून राहिलो. झेंडू मात्र जागचा हलला नाही.

शरयूताई म्हणाल्या, "मीच बांधली माळ, माझंच चुकलं."

"माळ तुझी होती, हात माझा होता," सर म्हणाले आणि त्यांनी किल्ली ओट्यावर ठेवून दिली.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. पुन्हा तपासणी करून घ्यायची होती आणि तपासणीत दिवे नीट लागतात की नाही, ते आधी पाहतात. सरांनी त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. "पास झाली तर झाली. नाई तर मोडीत द्यायची. मी नसलो की ही उभ्याउभ्या सडेल. त्यापरीस आताच."

"मी आहे न बाबा," गार्गी म्हणाली.

"तुले गाडी चालवता येते. ती अडली तर काय करशील?"

 दुसऱ्या दिवशी गार्गी कय्यूमभाईंना घेऊन आली. कय्यूमभाई म्हणजे गावातले जुने मिस्त्री, सरांच्याच वयाचे, तोंडाची टकळी हाताच्या दुप्पट वेगानं चालवणारे. त्यांनी दांडी ठोकून सरळ केली, नवा बुश लेथवर करून आणला आणि गार्गीला शेजारी बसवून म्हणाले, "बेटा, पहिले समजून घे. दिवा काऊन उठते, कुठं थांबते, हे समजलं की मग पाना हाती घे. नाई तर मी आज लावून देईन आन् तू उद्या पुन्हा मले फोन करशील." त्यांनी तिच्याकडून मूठ फिरवून घेतली, झाकण पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून खालचा रबरी ठोकळा कमी-जास्त करून घेतला. सर ओट्यावरून बघत होते. मग त्या दोघांनी अंगणाच्या भिंतीवर खडूच्या रेघा मारून आमच्या उजेडाची उंची लावली. सरांनीही येऊन पाहिलं आणि मान डोलावली.

तपासणीला गेलो तर आरटीओचे साहेब म्हणाले, "सर, डिपरवर पण तुमचा उजेड झाडावरच्या पाखरांले उठवून राह्यला. समोरच्याच्या डोळ्यात जाईल. नीट लावून आणा, मग पाहू." त्यांचं बरोबरच होतं. मी स्वतः पाहत होतो, माझा उजेड कडुलिंबाच्या शेंड्यावर पडला होता.

घरी आल्यावर तिघं डोकं धरून बसले. अंगण धुता धुता शरयूताई म्हणाल्या, "मले एक सांगा, पाणी टाकलं की ते नेहमी त्या भिंतीकडेच काऊन जाते?"

कय्यूमभाईंनी कपाळावर हात मारला. अंगण भिंतीकडे उतरतं होतं. गाडीचं नाक खाली झुकलेलं, त्या तिरकेपणात आम्हाला सरळ लावलेलं, मग सपाट जागेवर गेल्यावर आम्ही आभाळाकडेच बघणार! टेकडीवरचं गाव हे. इथे अंगण काय, गल्ली काय, सगळंच कुठेतरी घरंगळतं. "आन् मी जन्मभर गणित शिकवलं," सर म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले. पण हसू ओसरल्यावर म्हणाले, "बास झालं आता. मोडीत देऊ."

"एकच डाव, बाबा," गार्गी म्हणाली. "मी लावते. जमलं नाही तर मी स्वतः नेऊन देईन मोडीत."  तेव्हा मला समजलं, की तिला नुसती गाडी नको होती. बाबांनी आपल्या हातांवर भरवसा ठेवावा, एवढंच तिला हवं होतं.

सपाट जागा कय्यूमभाईंनी शोधली. मोताळ्याला त्यांचा जावई फहीम एक जिनिंग चालवतो. गोदामाची फरशी पाणी ठेवलं तर जागचं हलणार नाही अशी सपाट, भिंत पांढरी आणि दारं लावली की भरदुपारी अंधार. दुसऱ्या दिवसापासून तिथे कापूस येऊन पडणार होता, म्हणून आजच काय ते करायचं होतं. राजूर घाट उतरून आम्ही गेलो. गाडी आत शिरताच झाडू मारणाऱ्या बनाबाई झाडू टाकून पुढ्यात आल्या.

"अवं माय! गाडीले डोये हायेत का झाकणाखाली?" आम्ही उठल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. "उघड न व बाई अजून एक डाव." गार्गीनं उघडलं. बनाबाईंनी आमच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. इतकं कौतुक झाल्यावर सरळ उभं राहणं भाग होतं.

चाकातली हवा सारखी केली. मग कय्यूमभाई म्हणाले, "चालवणाऱ्या माणसाचं वजन गाडीत पाह्यजे. सर, तुम्ही ड्रायव्हरच्या सीटवर बसा. काही करू नका. तुम्ही फक्त वजन व्हा."

इतकी वर्षं ज्यांनी गाडी चालवली ते सर नुसतं वजन होऊन बसले! उजव्यावर पोतं टाकलं, कारण एका वेळी एकच दिवा लावायचा असतो. मला फार बरं वाटलं. माझ्या कडेला दोन स्क्रू आहेत, एक उंचीचा आणि एक डाव्या-उजव्याचा. दोन्ही गंजून बसलेले. गार्गीनं तेल सोडलं, थांबली, पुन्हा सोडलं. जोर करून स्क्रूच्या डोक्याची खाच झिजली तर सगळंच संपलं, हे तिला कळत होतं. सर आतून सांगत होते, "खाली घे. अजून. पुरे!"

"पुरे नाही बाबा, अजून थोडा हवा."

"मी सांगतो न, पुरे."

तिनं अजून थोडा फिरवला. माझ्या उजेडाची कड खडूच्या रेघेच्या किंचित खाली आणि जराशी डावीकडे जाऊन बसली, जशी बसायला हवी तशी. कय्यूमभाईंनी हाताचा पंजा भिंतीला लावून पाहिलं आणि बोटांनीच वाहवा केली.  उजव्याच्या वेळी त्यांनी एकही सूचना दिली नाही.

कय्यूमभाई जेवायला लेकीकडे थांबले. आम्ही निघालो तोवर दिवेलागण झाली होती आणि परतीच्या पावसाची भुरभुर चालू होती. घाटाच्या पायथ्याशी एक डबकं लागलं, पाणी थेट माझ्या मोटरीच्या वायरच्या प्लगात शिरलं. चढावर धुकं उतरलेलं. गार्गीनं बटण दाबलं. उजवा उठला. मी उठलो नाही.

एका दिव्याची गाडी घाटात समोरच्याला मोटारसायकलच वाटते. डावी कड कुणालाच दिसत नव्हती, मलाही नाही. वरून ट्रकचा आवाज येत होता. गार्गीनं वळणाच्या अलीकडे रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली.

"फ्यूज..." सर म्हणाले आणि थांबले.

"माहीत आहे, बाबा."

तिचं दार वाजलं. बॉनेट उघडलं. मी आता सरांच्या बाजूच्या दाराच्या आवाजाची वाट पाहत होतो. आजवर मी अडलो आणि सर उतरले नाहीत असं कधी झालं नव्हतं. पाऊस पत्र्यावर टपटपत होता. बॅटरी लावलेला मोबाइल दातात धरून गार्गीनं आधी माझ्या मोटरीचा फ्यूज काढला. मग टोपी ओढली, मूठ धरली. ओली मूठ निसटली. तिनं ओढणीचं टोक गुंडाळलं आणि पुन्हा धरली. दार वाजलं नाही. मूठ फिरली, दांडी हलली आणि मी तिच्या हातानं वर आलो. समोर धुक्यात पांढरा पट्टा उजळला, रस्त्याची कड दिसली, कडेचा दगड दिसला. ट्रकवाल्यानं दोन दिवे पाहिले आणि आपली बाजू धरून सावकाश निघून गेला.

ती परत आत बसल्यावर सर एवढंच म्हणाले, "चेहऱ्याले ग्रीस लागलं तुझ्या. पूस. आन् चाल आता, अंधार पडला."

घरी अंगणात शरयूताई वाट पाहत उभ्या होत्या. गार्गी हात धुवायला आत गेली. सर माझ्या पुढ्यात येऊन उभे राहिले. माझ्या उजेडात त्यांचे दोन्ही हात थरथरताना दिसत होते.

"शरयू, घाटात दिवा अडला तेव्हा मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो," ते म्हणाले. "नाई तर उतरलोच असतो."

शरयूताईंनी ते हात आपल्या हातात घेतले. मी जे आजवर पाहिलं त्यात याहून मोठं काम कुठल्या माणसानं केलेलं मला आठवत नाही.

प्लग वाळवला, पुन्हा तपासणीला गेलो. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, मग बंद करायला, मग पुन्हा लावायला. तिसऱ्या वेळचं तपासणीसाठी नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. कचेरीतले दोघं-तिघं बाहेर येऊन उभे राहिले. "ठीक आहे," साहेब म्हणाले आणि सरांकडे वळले. "सर, फार जपली तुम्ही. पुढं काय, ठेवणार का गाडी?"

"मले काऊन विचारता?" सर म्हणाले. "गाडी तिची हाय. तिले विचारा."

 गार्गीनं होकाराची मान हलवली आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

आता आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये उभे असतो. माझ्या काचेवर एक टवका आहे, झाकणाचा रंग बाकी गाडीपेक्षा फिका पडलाय. संध्याकाळी कोर्टातून आली की गार्गी फेरी मारायला काढते, सर डावीकडे बसतात, बरोबर माझ्या मागे. तुमच्याही घरात असं काहीतरी असेल, ज्याला तुम्ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. त्याच्या खोडी कुणाला तरी शिकवून ठेवा, एवढीच या दिव्याची विनंती आहे. आणि शिकवून झालं की शेजारी बसा. ते अडलं तरी लगेच उतरू नका.